बांधावरचा भोंगा

दत्तोबा ढमाल्यांना अध्यक्षाच्या खुर्चीतून उठता येत नव्हतं, आणि यात त्यांच्या गुडघ्यांचा काही दोष नव्हता. खुर्चीत त्यांना गावानं बसवलं होतं. तीन वर्षांपूर्वी रतनभाऊ गेले, स्मृती समिती निघाली, आणि अध्यक्ष कोण म्हटल्यावर सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. दत्तोबा रतनचे बालमित्र, ज्या बांधावर पहिला भोंगा लागला तो बांध दत्तोबांचा, आणि स्मृतिकक्षाची खोलीही त्यांनीच आपल्या जागेत बांधू दिलेली. शिवाय केस पांढरे झाल्यामुळे अंगावर शाल चांगली दिसते. एवढं भांडवल असल्यावर माणसाला सुटका कुठली?

भाजे गावठाण आणि पलीकडची बौद्धवस्ती यांच्यामध्ये एक ओढा आहे. आठ महिने त्याच्यात पोरं क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात मात्र डोंगरावर सर कोसळली की दहा मिनिटांत तो माणसाच्या छातीला लागतो, आणि खाली गावात तोवर थेंबही पडलेला नसतो. रतन वस्तीतला. आयटीआय करून लोणावळ्याच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागला होता. एक्याण्णव साली त्यानं डालड्याचा रिकामा डबा, ट्रकचा जुना भोंगा आणि एक बॅटरी एवढ्या सामानावर ओढ्याकाठी यंत्र उभं केलं. पाणी चढलं की डबा तरंगत वर यायचा, दोन वायरी एकमेकींना भिडायच्या आणि भोंगा बोंबलायला लागायचा. पुढं त्यानं ते सुधारत नेलं. घाटाखालच्या दोनशे गावांत रतनचे भोंगे लागले, दिल्लीला सत्कार झाला, इंजिनियर लोक वही-पेन घेऊन त्याच्या दारात यायला लागले. यायचे ते एका करामतीसाठी. रतनच्या भोंग्याची बॅटरी कुणी काढायला गेलं की भोंगा तिथल्या तिथं किंचाळायचा. पेटीत एक छोटी बॅटरी लपवलेली असायची, ती मोठीच्या नावानं बोंब मारायची. नदीनाल्यावर उघड्यावर ठेवलेल्या यंत्राची बॅटरी चार दिवस राहत नाही हे सगळ्या साहेबांना माहीत होतं, पण त्यावर असा इलाज कुणालाच सुचला नव्हता.

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कार्यक्रम व्हायचा. वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत यायची, मेणबत्त्या लागायच्या, त्रिसरण पंचशील व्हायचं. ते दत्तोबांनाही आता ऐकून ऐकून पाठ झालं होतं. मग शाळेच्या पोरांसमोर अध्यक्षांचं भाषण. भाषण ठरलेलं. "रतनचा पहिला भोंगा फसला. बॅटरी उतरलेली त्याच्या ध्यानात आली न्हाई. ओढ्याला पाणी आलं, भोंगा वाजला न्हाई, आन् त्याचा सख्खा भाऊ भिमाजी वाहून गेला. दुसरा आसता तर खचला आसता. पन रतन चुकीतनं शिकला. पोरांनो, अपयशाला भिऊ नका." पोरं टाळ्या वाजवायची. सारिका मॅडम, शाळेच्या विज्ञानाच्या बाई, डोळे पुसायच्या. आणि दत्तोबा खाली बसायचे ते बनियन घामानं भिजवून.

कारण रतनची चूक झालीच नव्हती.

यंदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, रतनची मुलगी अमृता दत्तोबांच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती हिंजवडीला कंपनीत आहे, सुट्टीला येते. गेले दोन महिने ती बापाच्या ट्रंकेतल्या वह्या चाळत होती. पोरांना वाटायला एक पुस्तिका करायची होती.

"काका, बसू का जरा?"

"बस की. इचारतीस काय? च्या टाकाया सांगतो."

"चहा नको. घरून पिऊन आलेय."

दत्तोबांनी तिच्याकडं पाहिलं. ही पोर लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बशीत चहा ओतून प्यायची. घरून पिऊन आलेय असं ती आजवर कधी म्हणाली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दत्तोबांची नजर तिच्या हातातल्या वहीच्या पुठ्ठ्यावर अडकली.

"एक्याण्णव सालची आहे," ती म्हणाली. "वाचून दाखवते."

तिनं वाचलं. आवाज चढवला नाही, पाडला नाही.

"'बॅटरी पेटीत आहे, पण पूर्ण उतरलेली. वायरी उलट्या. लाल काळ्याला, काळी लालला. मी आयुष्यात कधी उलटी वायर लावलेली नाही. रविवारी गावात लाईट नव्हती, तरी दत्तूच्या घरी सिनेमा चालू होता, असं सगळे सांगतात.'"

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मागं रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग धबधब्याकडं हळूहळू सरकत होती. शनिवार-रविवार भाज्याचा रस्ता असा तुंबलेलाच असतो, पुढं जाता येत नाही आणि गाडी वळवताही येत नाही. दत्तोबा त्या गाड्यांकडं बघत राहिले, कारण अमृताकडं बघवत नव्हतं.

त्या रविवारी गावात एकुलता एक टीव्ही दत्तोबांच्या घरात होता. काळापांढरा, बॅटरीवरही चालायचा. सकाळपासून लाईट गेलेली. एरवी ट्रॅक्टरची बॅटरी लावून टीव्ही चालायचा, पण ट्रॅक्टर कामशेतला दुरुस्तीला होता. संध्याकाळच्या सिनेमाला पन्नास माणसं ओसरीत येऊन बसलेली, आणि दत्तू बावीस वर्षांचा, नवी मिशी फुटलेला, घरात टीव्ही असल्याचा तोरा. त्याला लोकांना परत जा म्हणवेना. बांध घरापासून हाकेच्या अंतरावर. बांधावर रतनची पेटी. दोन तासांचा तर प्रश्न होता. सिनेमा संपला की परत ठेवून येऊ, कुणाला कळतंय.

रतन तेव्हा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. त्याचा धाकटा भाऊ भिमाजी सिनेमा बघायला आलेला. तो आणि वस्तीतली पोरं आत बसत नसत, खिडकीला धरून बाहेर उभी राहत. मध्येच बातम्या लागल्या तसा भिमाजी निघाला. आई वाट बघत असेल म्हणाला. कुणीतरी विचारलं, डोंगरावर आभाळ काळं झालंय, ओढ्याला पाणी आलं असलं तर? भिमाजी हसला.

"भोंगा कुटं वाजला? वाजला न्हाई म्हंजी पानी खालीच हाय. माझ्या भावाचा भोंगा हाय तो."

दत्तूनं ते ऐकलं. तो टीव्हीपाशीच उभा होता, बॅटरी त्याच्या पायाशी होती. सांगावं असं त्याच्या मनात आलं. थांब रे भिमा, भोंग्यात बॅटरी न्हाई, एवढे चार शब्द. पण मग पन्नास माणसांत विचारणं झालं असतं, बॅटरी कुठंय म्हणून. बातम्या संपत आल्या होत्या. दोन मिनिटांनी सांगू म्हणता म्हणता सिनेमा परत सुरू झाला. खिडकीतली भिमाजीची जागा दुसऱ्या पोरानं घेतली.

भिमाजी तिसऱ्या दिवशी इंद्रायणीच्या पात्रात सापडला. त्या रविवारी रात्रीच आरडाओरडा सुरू झाला, सगळा गाव कंदील घेऊन ओढ्याकडं धावला, तेव्हा दत्तू बॅटरी पोत्यात घालून बांधावर गेला आणि घाईघाईनं वायरी जोडून पेटीत ठेवून आला. लाल कुठं, काळी कुठं, बघितलंच नाही. पुढं लोक म्हणाले, रतननं बॅटरी चार्ज केली नव्हती. रतननं ते ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी तो दत्तूच्या दारात आला. दत्तूला वाटलं, आता गळा धरणार. रतन एवढंच म्हणाला, "दत्तू, तुमच्या बांधावर परत भोंग्याचा खांब लावू का?" दत्तू म्हणाला, लाव. लाव म्हणताना त्याला रडू फुटलं, आणि रतननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या हातावर दत्तोबा चौतीस वर्षं जगले होते. रतनला माहीत होतं आणि रतननं माफ केलं, दोस्तीखातर पोटात घातलं. माणूसच तेवढा मोठा. गुन्हा आपला खराच, पण तो आपल्या आणि रतनच्या मधला होता, आणि रतननं तो मिटवला होता. शेवटच्या आजारातही रतननं दत्तोबांचाच हात धरून सांगितलं होतं, बांधावरचा खांब काढू देऊ नको कुणाला. एवढा जीव होता त्याचा आपल्यावर.

"काका, पुढचं ऐका," अमृता म्हणाली.

"पोरी, मला म्हाईत हाय. त्यानं मला..."

"ऐका तर. 'आई रोज विचारते, काय झालं. सांगून उपयोग नाही. भोंगा त्यांच्या बांधावर आहे. सांगितलं तर परत लावू देणार नाहीत. आणि भोंगा तर लागलाच पाहिजे, वस्तीतली पोरं रोज ओढा ओलांडून शाळेला जातात. तेव्हा गप्प बसायचं. दत्तूशी नीट वागायचं. नवा भोंगा असा करायचा, की बॅटरी काढणाऱ्याच्या हातातच ओरडला पाहिजे.'"

तिनं वही मिटली.

दत्तोबांना वाटलं आपण ऐकण्यात काहीतरी चुकलो. मग कळलं की चुकलेलं नाही. खांद्यावरचा तो हात, सणावारी येणं, पोरीला मांडीवर देणं, एका बशीतला चहा. दत्तूशी नीट वागायचं. ज्याला ते माफी समजत होते ते बांधाचं भाडं होतं, आणि रतन ते मरेपर्यंत भरत राहिला.

"वैनीला म्हाईत हाय?" त्यांनी कसंबसं विचारलं. चंपावहिनी, रतनची बायको.

"आईला लग्न झालं तेव्हापासून माहीत आहे."

चंपावहिनी त्र्याण्णव साली लग्न होऊन आल्या होत्या. म्हणजे बत्तीस वर्षं त्यांनी दत्तोबांना चहा दिला, दिवाळीचा फराळ दिला, आणि दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून नवऱ्याच्या चुकीचं ते भाषण ऐकलं.

"हे पान छापलंस?"

"नाही. पुस्तिका छापून आली, त्यात हे नाही." अमृता उठली. "स्मृतिकक्ष तुमच्या जागेत आहे काका. खांब तुमच्या बांधावर. तुमच्या निलेशदादानं तर शेजारी टेंट टाकलेत. उद्या तुम्ही खोली रिकामी करा म्हणालात तर आम्ही यंत्रं कुठं नेणार? बाबांनी जे कारण लिहिलंय तेच आहे अजून. काही बदललेलं नाही." तिनं वही ओसरीच्या कडेला ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू द्या. दुसरी प्रत मी काढलेली नाही."

ती गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या, पोलिसांत जाते म्हणाली असती, तर दत्तोबांना सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसाचे पाय तरी धरता येतात. ती तर वही त्यांच्याच हातात देऊन गेली होती. जाळली तरी कुणी विचारणार नव्हतं, आणि तेच असह्य होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती वही दिवसभर त्यांच्या मांडीवर पडून राहिली. दोनदा ते चुलीपाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्या वेळी सुनेनं विचारलं, आबा, पाणी तापवायचंय का? ते परत ओसरीवर येऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी मुलाला, निलेशला, सांगून पाहिलं.

"उद्या माझ्याच्यानं भाषान व्हनार न्हाई. दुसरा कोन तरी बघा."

निलेश मोबाइलवरून मंडपवाल्याशी बोलत होता. ओढ्याकाठी त्याचे आठ टेंट होते, शहरातली माणसं येऊन राहायची, आणि रतनभाऊंचा भोंगा हे बघण्याचं ठिकाण म्हणून त्याच्या जाहिरातीत होतं. शिवाय यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं.

"आबा, पुण्यासनं साहेब येनारेत. वस्तीतली दोनशे मतं समोर बसलेली आसनार. तुमच्या भाषानाला बाया रडत्यात. हितं दुसरा कोन उभा करू?"

"मला बरं वाटत न्हाई."

"गोळी घ्या. दहा मिन्टांचं काम हाय."

रविवारी सकाळी दत्तोबांना इस्त्रीचा सदरा घालण्यात आला, गाडीत बसवण्यात आलं, आणि घरापासून हाकेच्या अंतरावरच्या बांधापर्यंत मिरवत नेण्यात आलं. वही त्यांनी सदऱ्याच्या आत, पोटाशी खोचली होती. घरी ठेवायचा धीर झाला नाही. मंडप बांधालगत घातलेला. पहिल्या रांगेत चंपावहिनी, पांढरं लुगडं, हात मांडीवर. शेजारी अमृता. मागं वस्ती, त्यामागं गावठाणातले लोक, आणि बाजूला सतरंजीवर शाळेची चाळीस पोरं. व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी दत्तोबा. गळ्यात हार, खांद्यावर शाल, समोर माईक, मागं रतनचा मोठा फोटो. उठून जावं म्हटलं तर वाट नव्हती. फोटोतला रतन मंद हसत होता. हे हसू दत्तोबांनी तीस वर्षं पाहिलं होतं, आणि आज पहिल्यांदा त्यांना कळेना की ते कुणासाठी होतं.

पंचशील झालं. 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हा शब्द आला तेव्हा त्यांनी सवयीनं ओठ हलवले आणि मध्येच थांबले.

पाहुणे बोलले. मग प्रात्यक्षिक. दर वर्षी एक मूल पिंपात पाणी ओतायचं, डबा वर यायचा, भोंगा वाजायचा आणि टाळ्या पडायच्या. तसं झालं. मग सारिका मॅडम म्हणाल्या, "यंदा आपण मुलांना प्रश्न विचारायला सांगितलंय. त्यांनी उत्तरं वहीत लिहून घ्यायचीत. अध्यक्ष उत्तरं देतील."

दत्तोबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. भाषण पाठ होतं, ते डोळे मिटूनही म्हटलं असतं. प्रश्नाचं मात्र पाठ नव्हतं.

सातवीतली मानसी उभी राहिली. वस्तीतली पोर, दोन वेण्या, हातात पेन्सिल. तिचे आईवडील टाकव्याला वीटभट्टीवर होते आणि ती आजीकडं राहून रोज हाच ओढा ओलांडून शाळेला येत होती.

"रतनआजोबांचा भोंगा बॅटरी काढली की वाजतो. तर माझा प्रश्न असा, की हे त्यांना कसं सुचलं?"

"हुशार व्हता तो लय," दत्तोबा म्हणाले. दर वर्षी कुणी विचारलं तर ते हेच म्हणायचे.

मानसी बसली नाही. "पण आजोबा, पहिल्या भोंग्याची बॅटरी तर नुसती उतरलेली होती. उतरली की कळावं म्हणून त्यांनी दिवा लावला असता. काढली की ओरडावं असं कशाला केलं? तसं करायचं म्हणजे कुणीतरी काढलेली असणार ना आधी?"

मंडपात कुणी हसलं, पोर हुशार आहे म्हणून. सारिका मॅडमनी तिला खाली बसायची खूण केली. निलेश बाजूनं म्हणाला, "छान प्रश्न, आता पुढचा." अमृतानं मान खाली घातली. चंपावहिनी मात्र दत्तोबांकडं बघत होत्या. रागानं नाही, आशेनंही नाही. बत्तीस वर्षं बघत होत्या तशाच.

आणि दत्तोबांना दिसलं की आपण परत टीव्हीपाशी उभे आहोत. पन्नास माणसं समोर, पोर खिडकीत, बातम्या संपत आलेल्या. दोन मिनिटांनी सांगू म्हटलं की सिनेमा परत सुरू होणार. ही पोरगी खाली बसणार आणि वहीत लिहिणार, ते लय हुशार होते. मग तिला वाटणार, हुशार माणसांना आपोआप सुचतं, आपल्याला काही सुचत नाही. भावाच्या मरणातून आणि तोंड दाबून काढलेल्या दिवसांतून रतननं जे घडवलं, ते चार पोकळ शब्दांत गाडलं जाणार. तेही आपल्या हातानं, परत.

ते उठले. गुडघे करकरले, पण उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला. "आबा, कुटं?" निलेशनं विचारलं. तीन पायऱ्या उतरून ते बांधावर खांबापाशी गेले, पेटीचं दार उघडलं आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या.

भोंगा किंचाळला. मघाशी वाजला होता त्याहून कर्कश, कानाशीच. दत्तोबांनी बॅटरी दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि मंडपाकडं तोंड करून उभे राहिले. पोरांनी कानांवर हात ठेवले. रस्त्यावरच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघायला लागली. ते काहीतरी बोलत होते, ओठ हलताना दिसत होते, पण भोंग्यापुढं कुणाला ऐकू येईना. रतननं यंत्र असं केलं होतं की बॅटरी जागेवर गेल्याशिवाय ते थांबत नसे, आणि काढणाऱ्याला तोवर सगळ्यांसमोर तसंच उभं राहावं लागे.

निलेश धावत आला, बॅटरी घ्यायला लागला. दत्तोबांनी सोडली नाही. शेवटी मानसीच पुढं आली. त्यांनी वाकून बॅटरी पेटीत ठेवली, आणि तिनं लाल वायर लालला, काळी काळीला लावली. भोंगा थांबला. एवढ्या शांततेत ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"तवा बी मीच काढल्ती," दत्तोबा म्हणाले.

निलेशनं माईक उचलला. "मंडळी, आबांची तब्येत सकाळपासनं..."

"माईक त्यांच्याकडं दे, निलेश," चंपावहिनी म्हणाल्या. त्या बसूनच होत्या. "त्यांची तब्येत बरी हाय."

निलेशनं बापाकडं पाहिलं, मग समोरच्या वस्तीकडं, आणि माईक दिला.

दत्तोबांनी सगळं सांगितलं. टीव्ही, पोतं, उलट्या वायरी. भिमाजी खिडकीपाशी काय म्हणाला तेही सांगितलं, आणि आपण ऐकूनही गप्प बसलो तेही. सदऱ्यातून वही काढून अमृताच्या हातात दिली आणि म्हणाले, हे पान वाच, सगळं वाच, बांधाचं बी वाच. तिनं वाचलं. या वेळी तिचा आवाज मध्ये फुटला. मागच्या बाजूला वस्तीतले दोघे म्हातारे उठून उभे राहिले होते. गावठाणातली काही माणसं चपला शोधायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दत्तोबांना कुणी बसा म्हणालं नाही, आणि ते बसले नाहीत.

वाचून झालं. तेव्हा मानसीनं पेन्सिल उचलली. बाईंनी उत्तर लिहून घ्यायला सांगितलं होतं आणि तिचं उत्तर अर्धं राहिलं होतं.

"आजोबा," तिनं विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय लिहू?"

दत्तोबांनी चंपावहिनींकडं पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली.

"लिही," ते म्हणाले. "दत्तोबा सोपान ढमाले. राहनार भाजे." आणि तिचं लिहून होईपर्यंत ते तिथंच थांबले.